ओळख न दाखवणारी कुंदा

डार्मश्टाटच्या मराठी मंडळात कुणाही बाईला विचारा, इथे सगळ्यांत शिष्ट कोण. ती आधी म्हणेल, "मला नाही बाई कुणाबद्दल बोलायला आवडत." मग इकडेतिकडे बघेल, खुर्ची थोडी पुढे ओढेल आणि नाव घेईल कुंदा देवस्थळीचं. पुरावेही तयार असतात. निहार म्हणून एक पीएचडी करणारा मुलगा आहे. तो एकदा बाड एर्लेनबोर्नला बेकरीच्या रांगेत कुंदाच्या मागे उभा होता. ती वळली, तसा ती ओळखीचं हसेल म्हणून तो वाट बघत राहिला. कुंदाने त्याच्या कानाच्या वर कुठेतरी नजर टाकली, दोन ब्रोट्शेन पाव पिशवीत टाकले आणि चालू पडली. पुढच्या गणपतीत निहारने ही हकीकत प्रसादाबरोबर सगळ्यांना वाढली. "कुंदाताई पार जर्मन झाल्या हो. जर्मनसुद्धा निदान 'हालो' म्हणतात."

त्याने एवढंच सांगितलं नाही, की आदल्याच शनिवारी तो तीन मित्रांबरोबर, उसना कोट घालून, बाड एर्लेनबोर्नच्या कसिनोत गेला होता आणि दारात त्याचा पासपोर्ट तपासायला हीच कुंदा बसली होती. ते सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत नाशिकला त्याच्या आईपर्यंत पोचलं असतं. त्यापेक्षा कुंदाला शिष्ट ठरवणं सोयीचं.

तर हा शिष्टपणा आला कुठून, हे समजायला त्या कसिनोची कुळकथा ऐकावी लागते.

बाड एर्लेनबोर्न हे डार्मश्टाटपासून गाडीने तासाभरावरचं, टेकड्यांच्या बेचक्यातलं गरम झऱ्यांचं गाव. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास, पण ख्याती मोठी. संधिवात, मूळव्याध, बायकोचा कंटाळा, सगळ्यांवर तिथे इलाज व्हायचा म्हणे. आता दिवसाचे सहा पेले पाणी पिऊन झाल्यावर माणसाने करायचं काय? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच माणसाला पडला. देलॉर्म त्याचं नाव. त्याने झऱ्यालगत पांढऱ्या खांबांची, भल्यामोठ्या झुंबरांची इमारत उठवली आणि आत रुलेटची, हिरव्या बनातीची टेबलं मांडली. दोन वर्षांत गावात राजपुत्र यायला लागले. मूळव्याधीचं काय झालं, ते मग कुणी विचारेना.

कसिनोच्या दारावर तेव्हा एक दारवान होता, मोठा बोलका. एका सकाळी बागेतल्या रस्त्यावर त्याला दरबारातले एक बडे अधिकारी दिसले, शेजारी बायको. दारवानाने टोपी काढून प्रेमाने विचारलं, "काय साहेब, आज स्वारी उशिरा? काल तर शेवटचा चेंडू थांबेपर्यंत बसला होतात." बायकोच्या समजुतीने साहेब तीन आठवडे डॉक्टरच्या सल्ल्याने गंधकाच्या वाफेत बसत होते. पुढे काय झालं याबद्दल गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, तिने त्यांना तिथल्या तिथे बदकांच्या तळ्यात ढकललं. काही म्हणतात, तिची नजर बघून त्यांनी आपणहूनच उडी मारली. नोकरी मात्र दोन्ही मतांनी दारवानाची गेली. आणि देलॉर्मने नियमांच्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं: दाराबाहेर आपल्या माणसाने पाहुण्याला आधी ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवायची. नाही दाखवली तर तो आपण जन्मात पाहिलेला नाही.

पुढे बादशहाचं राज्य आलं, १८७२च्या शेवटी देशभरचे अड्डे बंद झाले आणि साठ वर्षं गावात लोक नुसतं पाणी पीत बसले. मग टेबलं परत आली, युद्धात परत गेली. झुंबरांखाली आधी जखमींच्या खाटा लागल्या, मागाहून अमेरिकन शिपाई नाचले. पन्नाशीच्या दशकात चेंडू पुन्हा फिरायला लागला. मालक बदलले, नोटांवरची चित्रं बदलली, झेंडे बदलले. वहीतली पहिली ओळ कुणी खोडली नाही.

कुंदाच्या हाती ही वही आली २००२ साली.

ती मूळची मिरजेची. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, बाहेर पाटी: पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत. शाळेतून आलं की गल्ल्याशी बसायचं आणि ओल्या फोटोंच्या ढिगातून समोर उभ्या माणसाचा फोटो बिनचूक काढून द्यायचा, हे हिचं काम. चेहरा एकदा डोळ्यांखालून गेला की गेला नाहीच तो, कायमचा आत बसला. मग दाढी वाढवा, चष्मा लावा, तीस किलोंनी सुटा. लग्न होऊन ती डार्मश्टाटला आली. नवरा दत्ता, औषधांच्या कंपनीत केमिस्ट, अबोल, भला माणूस. २००१च्या फेब्रुवारीत कंपनीच्या कँटीनमध्ये तो हातात ताट घेऊन खाली बसला आणि उठला नाही. चौतीस वर्षांची कुंदा, मूलबाळ नाही, मिरजेची बी.ए. इथे कुणी हुंगेना.

तेव्हा तिला उचलून घरी नेलं ते वसुधा आठल्येने. वसुधा म्हणजे मंडळातला चालताबोलता लाऊडस्पीकर, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तेरा दिवसांसाठी नेलं आणि तीन महिने ठेवून घेतलं. तिचा नवरा श्रीपाद सॉफ्टवेअरवाला. गणपतीची आरती त्याच्या आवाजाशिवाय सुरूच होत नसे. रोज संध्याकाळी तो दार उघडून म्हणे, "कुंदाताई, आज तुम्ही जेवलात की पुन्हा ताटाशी नुसता सत्याग्रह?" त्या घरात कुंदा पुन्हा हसायला शिकली. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण तिने ते कधीच विसरलं नाही.

कसिनोला चेहरे ओळखणारं माणूस दारात हवं आहे, अशी जाहिरात वसुधानेच पेपरातून कापून आणली. फोग्ट नावाच्या म्हाताऱ्या डायरेक्टरने कुंदासमोर चाळीस फोटो मांडले, कॉफी पाजली, इकडचं तिकडचं बोलला आणि तासाभराने दुसरा गठ्ठा काढून विचारलं, यातले मघाचे कोण? कुंदाने सगळे काढले. वर म्हणाली, "हा आणि हा माणूस एकच आहे. इथे मिशी काढली आहे." फोग्टने चष्मा पुसून पाहिलं. तो माणूस दोन नावांनी अकरा वर्षं आत येत होता.

मग त्याने तिला नियम सांगितला आणि बागेत नेऊन नजर शिकवली. ही नजर शिकावी लागते. मान खाली घातली तर पाहुण्याला अपराधी वाटतं. सरळ बघितलं तर धाक वाटतो. त्याच्या डाव्या कानाच्या वर एक वीत अंतरावर बघायचं, मागच्या झाडाकडे बघावं तसं, चेहरा मोकळा, पाय न थांबता. कुंदाने आठवडाभर लिंडनच्या झाडांवर सराव केला. नंतर ती इतकी तरबेज झाली, की गावातला दाताचा डॉक्टर, दर सोमवारचा पाहुणा, रस्त्यात तिला अनोळखी असे आणि त्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसली की ओळखीचा होई.

वसुधाला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हणजे मी कधी आत आले, की तू बाहेर मला ओळखणार नाहीस?"

"तू आधी हाक मारलीस तर ओळखेन."

"मग मीच मारते. जन्मभर मीच मारते, तू काळजी करू नकोस."

तिने शब्द पाळला. पाठीच्या दुखण्यासाठी ती दर मंगळवारी एर्लेनबोर्नला गरम पाण्यातल्या व्यायामाला यायची. बागेतल्या रस्त्यावर दुरून कुंदा दिसली, की अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायची, "ओ देवस्थळीबाई, ओळखलंत का?" बाकांवरचे म्हातारे दचकायचे. आणि तिच्या हातात एक तीन पुडांचा स्टीलचा डबा असायचा. नोकरीपायी एर्लेनबोर्नलाच राहायला आलेली कुंदा एकटी पावावर दिवस काढते, याचा तिला राग. फोडणीची पोळी, कोथिंबीर वडी, कधी अळूचं फदफदं, फ्रँकफुर्टहून पानं मिळवून. पुढच्या मंगळवारी डबा परत जायचा तो रिकामा नाही. कुंदा त्यात अक्रोड घालायची, नाहीतर बागेतले प्लम. वीस वर्षं असा तो डबा जात येत राहिला. वसुधाची अन्वी जन्मली, वाढली, मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देण्याइतकी मोठी झाली, डबा चालूच.

२०२१च्या ऑक्टोबरात, कोरोनाची कुलुपं निघून थोडे दिवस झाले होते, एका बुधवारी दुपारी तीनला काचेच्या दारातून श्रीपाद आठल्ये आत आला.

कुंदाला बघून त्याने कोट सारखा केला. मग तो हसला. "एका क्लायंटला भेटायचं आहे, कुंदाताई. त्याने इथेच बोलावलं. आता क्लायंट म्हटल्यावर काय."

"आउसवाइस, बिट्टे," कुंदा म्हणाली.

ओळखपत्र यंत्रावर ठेवलं. कुणाला खेळायची बंदी असेल तर पडद्यावर लाल दिवा लागतो, देशभरची यादी असते. दिवा हिरवा लागला. कागदाची प्रवेशिका छापून आली: नाव, तारीख, वेळ आणि कोपऱ्यात देणाऱ्याची खूण. के. डी.

पुढच्या बुधवारी क्लायंटचं नाव निघालं नाही. बुधवार हा त्याचा घरून काम करायचा दिवस, आणि वसुधा त्या दिवशी एका शाळेत मदतनीस म्हणून जायची, हे कुंदाला माहीत होतं. तिसऱ्या खेपेला तो प्रवेशिका खिशात घालता घालता म्हणाला, "तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरता हे फार बरं आहे. मंडळात दुसरं कुणी असतं तर आरतीआधी माझीच झाली असती." कुंदा हसली नाही. तो हसला, जरा जास्तच.

मंगळवारी वसुधाचा डबा. बुधवारी तिच्या नवऱ्याची प्रवेशिका. कधीकधी बुधवारी दुपारी काउंटरमागे बसून कुंदा त्याच डब्यातली पोळी खात असायची आणि दार उघडायचं.

चेहरे वाचणारी बाई ती. सहा महिन्यांत तिने पाहिलं, की श्रीपादचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. मग मनगटावरचं घड्याळ गेलं, वसुधाने लग्नाच्या पंचविशीला दिलेलं. मग दाढीचे खुंट. मग विनोद संपले. आता तो तीनच्या आधीच बाहेर उभा असे आणि "नमस्कार" म्हणताना तिच्या कानाच्या वर बघे. ती नजर त्याला कुणी शिकवली नव्हती.

काउंटरच्या खालच्या खणात एक लाल फोल्डर होता. त्यात निरीक्षणाचे फॉर्म. एखादा पाहुणा खेळापायी घसरतो आहे असं दारातल्या माणसाला दिसलं, तर फॉर्म भरून द्यायचा. मग कसिनो त्याला बोलावून विचारतं, पगाराचे कागद मागतं, आणि पटलं नाही तर नाव देशभरच्या यादीत टाकतं. कुंदाने वीस वर्षांत असे तीसेक फॉर्म भरले होते. एका ग्रीक खानावळवाल्याचा, एका विधवा आजींचा. त्या आजी मागून रागावल्या आणि त्याच्याही मागून फुलं घेऊन आल्या.

श्रीपादचा फॉर्म तिने चारदा बाहेर काढला. एकदा आडनावाची पहिली तीन रोमन अक्षरं लिहिली. पण पत्र रजिस्टरने घरी जातं, आणि आठल्यांकडची जर्मन पत्रं वसुधा उघडते, कारण श्रीपादला ती वाचायचा कंटाळा. ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिलेली वसुधा कुंदाला दिसायची. आणि चौकशी होणार, मंडळात फुटणार, गणपतीपुढे उभा राहून तो माणूस आरती कशी म्हणणार? ज्याने आपल्याला ताटावर बसवून जेवू घातलं, त्याचं नाव आपण सरकारी कागदावर लिहायचं? ग्रीक माणसाचं लिहिता येतं. आपल्या माणसाचं लिहायला हात धजत नाही. ती फॉर्म फाडून पर्समध्ये टाकायची आणि घरी नेऊन कचऱ्यात, तोही जर्मन शिस्तीने, कागदाच्या डब्यात.

वसुधाला तोंडाने सांगणं तर शक्यच नव्हतं. डाटनशुट्झला, म्हणजे माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याला, या देशात लोक देवापेक्षा जास्त भितात. पाहुण्याचं नाव बाहेर बोललं की त्याच दिवशी नोकरी गेली. पण खरं सांगायचं तर नोकरीची तिला तेवढी भीती नव्हती. वसुधाचा चेहरा कसा होईल, त्याची होती. तो एकच चेहरा तिला आधी बघायची हिंमत झाली नाही.

मग तिने आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या तेच केलं. आडून सांगायचं ठरवलं.

२०२३च्या जानेवारीत वसुधाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सवाष्णींचं म्हणून कुंदा मागे राहिली असती, पण वसुधा तिला दरवर्षी दरडावून बोलवायची. रविवारची दुपार, बारा-पंधरा बायका, पैठण्यांवर लोकरीचे कोट. ऊर्मिला म्हणून एक नवी आलेली मुलगी म्हणाली, "कुंदाताई, कसिनोतली एखादी गोष्ट सांगा ना." बाकीच्यांनी एकमेकींना डोळे मारले. ही बाई कसली सांगते.

कुंदाने वाटी खाली ठेवली आणि सांगायला लागली. खोलीत चमचा वाजेना.

गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, असं तिने सांगितलं. खरं तर ती त्याच आठवड्यात भांडी घासताना रचलेली होती. गावात एक घड्याळजी होता. देवळातल्या भजनात पहिला आवाज त्याचा, लोकांना हसवणारा, लाडका. दर बुधवारी दुपारी तीनला तो बायकोला सांगायचा, शेजारच्या गावच्या मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला जातो, आणि जायचा कसिनोत. आधी त्याचं स्वतःचं घड्याळ गेलं. मग दुकानातली गेली. बायको भोळी, मोठ्या मनाची. कसिनोचा दारवान एकटा असतो म्हणून ती त्याला दर आठवड्याला सूप नेऊन द्यायची. दारवान ते सूप प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच नवऱ्याला दार उघडून द्यायचा.

बोलताना कुंदा फक्त वसुधाकडे बघत होती. कानाच्या वर नाही, सरळ.

वसुधा हसून हसून लाल झाली होती. "आणि हा मेला दारवान सूप ढोसून गप्प? सांगितलं का नाही त्याने तिला?"

"त्याला नियम होता."

"नियम गेला चुलीत. मी असते तर नवऱ्याचं नंतर बघितलं असतं, आधी त्या दारवानाच्या डोक्यावर सूप ओतलं असतं. गरम."

"बुधवारीच जायचा तो," कुंदा म्हणाली. "दर बुधवारी. तीनला."

"हो ग, कळलं. शेवट काय झाला?"

"शेवट कुणाला माहीत नाही. बायकोला वेळेत कळलं असतं तर दुकान वाचलं असतं, एवढंच म्हणतात."

वसुधा क्षणभर थांबली. कुंदा पुढे सरकली. मग वसुधा म्हणाली, "अगं बाई, दूध उतू जातंय वाटतं," आणि आत पळाली. ऊर्मिलाने तिळगुळात दाण्याचं कूट किती ते विचारलं. हळदीकुंकू पुढे चालू झालं.

पण गोष्ट रंगली होती, आणि वसुधाच्या पोटात रंगलेली गोष्ट राहत नाही. त्याच संध्याकाळी जेवताना तिने ती नवऱ्याला साभिनय सांगितली, सुपासकट.

बुधवारी तीनला श्रीपाद आला. ओळखपत्र काढलं नाही. काउंटरच्या काचेवर बोटं टेकून उभा राहिला.

"गोष्ट छान सांगितलीत म्हणे."

कुंदाने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"शेवट तेवढा राहिला. मी सांगू? घड्याळजी पुन्हा त्या दारात आला नाही."

"खरंच?" कुंदाच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा काउंटरवर मराठी शब्द निघाला.

"अगदी खरं. त्या दारवानाला सांगा, सूप निवांत पी म्हणावं." तो दार ढकलून गेला. पुन्हा आला नाही.

त्या दिवशी घरी जाऊन कुंदाने शिरा केला, केळं घालून. दत्ताच्या फोटोला दाखवला. पुढचं दीड वर्ष हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं. बुधवारी तीन वाजले की ती दाराकडे बघायची, दार बंद असायचं, आणि तिला देवळातून आल्यासारखं वाटायचं. मंगळवारी वसुधा ओरडायची, "ओ देवस्थळीबाई," आणि कुंदा आता धावत पुढे जायची. आपण एक घर वाचवलं, कुणाला न कळता, कुणाचं नाव न घेता. असा समज करून घेण्याइतकं गोड दुसरं काही नसतं.

श्रीपाद खोटं बोलला नव्हता. त्या दारात तो आला नाही. सव्वा तासावर दुसरं एक झऱ्यांचं गाव होतं, त्याचंही कसिनो होतं, तिथे दारात त्याला कुणी ओळखत नव्हतं. बुधवारच्या जोडीला तिथे शनिवारही आला. इथे निदान दर बुधवारी त्याचा चेहरा वाचणारं कुणी होतं, आणि खणात एक कोरा फॉर्म होता. गोष्टीने त्याला त्या नजरेतून सोडवलं.

२०२४च्या सप्टेंबरात, गणपती बसून चार दिवस झाले होते, त्या दुसऱ्या गावच्या पार्किंगमध्ये श्रीपाद गाडीत मिटल्या डोळ्यांनी सापडला. हृदय थांबलं होतं. बुधवार होता. मग एकेक उघड झालं. राहतं घर बँकेकडे गेलेलं, अन्वीच्या शिक्षणाचं काही उरलेलं नाही. मंडळाने विसर्जन गुपचूप केलं. आरती कुणी म्हटली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

कुंदाकडे आदल्या मंगळवारचा डबा होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरच्यांनी न्यायचं असतं. तिने पिठलं-भात केला, तिन्ही पुडं भरली आणि डार्मश्टाटला गेली. दार वसुधाने उघडलं. आत बोलावलं नाही. पॅसेजमध्ये खोकी रचलेली होती आणि बुटांच्या कपाटावर प्रवेशिकांचा एक गठ्ठा होता. श्रीपाद इंजिनियर माणूस, कागद फेकत नसे. तारखेप्रमाणे लावून, रबर घालून, गाडीच्या खणात ठेवलेला. खालच्या सगळ्या एर्लेनबोर्नच्या.

"के. डी.," वसुधा म्हणाली. आवाज अगदी हळू. तिला असा आवाज आहे हे कुंदाला माहीत नव्हतं. "अठ्ठावन्न आहेत. मी बघितल्या."

कुंदाने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"तो घड्याळजी म्हणजे हेच ना?"

"हो."

"आणि मी हसत होते."

"वसुधा, मी तुला सांगायचा..."

"तुम्ही गोष्ट सांगितलीत." तेवीस वर्षांत थट्टेबाहेरचं पहिलंच 'तुम्ही'. "मला बाजूला घेऊन एक वाक्य सांगायचं होतं. एक. दुधाच्या भांड्याजवळ येऊन सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी आतच होते."

नियम म्हणावा तर तो तिने त्या दुपारी अर्धा मोडलाच होता. अर्धाच मोडला, हेच झालं.

"सूप कोण आणून देत होतं, कुंदाताई?" वसुधाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दार लावलं. जोरात नाही.

डबा कुंदाच्या हातातच राहिला. आतून अन्वीने आईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, कोण होतं बहुतेक. "कुणी नाही," वसुधा मराठीत म्हणाली.

त्याच हिवाळ्यात कसिनो बंद झालं. लोक फोनवर खेळतात, झुंबरांचं वीजबिल परवडेना. निरोपाच्या दुपारी नव्या डायरेक्टरीण बाईंनी भाषण केलं. राजपुत्रांपासून अमेरिकनांपर्यंत सगळा इतिहास सांगितला, बदकांच्या तळ्याची गोष्ट आली, लोक हसले. मग त्या म्हणाल्या, एवढ्या वर्षांत या दारातून एकाही पाहुण्याचं गुपित बाहेर गेलं नाही, आणि त्याचं श्रेय फ्राउ देवस्थळींसारख्यांना. टाळ्या झाल्या. कुंदाला फुलांचा गुच्छ आणि काचेच्या चौकटीत घातलेलं नियमांच्या वहीतलं पहिलं पान मिळालं. देलॉर्मच्या अक्षरातलं, म्हणजे छापील प्रत. ते तिने कोटाच्या कपाटात उलटं ठेवलं आहे. इमारतीत आता पाठीच्या विकारांचं केंद्र व्हायचं आहे, म्हणतात.

आणि वसुधा? घर सोडावं लागलं, तेव्हा तिला एर्लेनबोर्नच्याच एका आरोग्यकेंद्राच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, वर राहायला खोली. रोज चार वाजून दहा मिनिटांनी ती शिफ्ट संपवून बागेतल्या रस्त्याने जाते.

पहिल्या दिवशी कुंदाने तिला शंभर पावलांवरून ओळखलं, नुसत्या चालीवरून. आता नियम राहिला नव्हता. दार नव्हतं, पाहुणे नव्हते. आधी हाक मारायला हरकत नव्हती कुणाची. कुंदाने तोंड उघडलं. पण बावीस वर्षं जी हाक समोरून यायची तिच्याकडे कान लागलेले, आणि ते एक पाऊल, दोन पावलं वाट बघत राहिले. तेवढ्यात वसुधा शेजारून गेली. मान खाली नाही, कपाळावर आठी नाही. कुंदाच्या डाव्या कानाच्या वर एक वीत, मागच्या लिंडनकडे बघत, पाय न थांबवता. फोग्टसाहेबांनी शाबासकी दिली असती.

याला आता वर्ष होत आलं. मंडळातल्या बायका म्हणतात, कुंदाताई हल्ली रोज चारला बागेत दिसतात, कुणाकडे बघत नाहीत, शिष्टच आहेत पहिल्यापासून. हातात तीन पुडांचा डबा असतो. डबा वसुधाचा आहे, परत द्यायला हवा, आणि रिकामा कसा द्यायचा. म्हणून कुंदा रोज सकाळी काहीतरी करते. कधी कोथिंबीर वडी, कधी फोडणीची पोळी. चार वाजून दहा मिनिटांनी वसुधा जाते. मग कुंदा बाकावर बसते, थोडा वेळ बदकं बघते, घरी येते, आणि संध्याकाळी तिन्ही पुडं उघडून एकटीच जेवते.